कोविड-१९ साथीतील भाकिते आणि शासकीय उपाययोजनांविषयीचा वाद

कोविड-१९ साथीतील भाकिते आणि शासकीय उपाययोजनांविषयीचा वाद म्हणजे इ.स. २०२० ते २०२२ या काळात साथीच्या प्रसाराविषयी तज्ज्ञांनी वर्तवलेले अंदाज आणि त्यांच्या आधारे सरकारांनी घेतलेले निर्णय यांवर जगभर झालेली चर्चा होय. या वादात दोन प्रश्न गुंतलेले होते. अंदाज बरोबर ठरले का, हा पहिला. असा अंदाज हाती असताना सरकारने काय करायला हवे होते, हा दुसरा. वृत्तपत्रे, संसद आणि न्यायालये यांतील चर्चेत हे दोन्ही प्रश्न अनेकदा एकच मानले गेले. 'पाच लाख लोक मरतील' आणि 'काहीच केले नाही तर पाच लाख लोक मरतील' या दोन विधानांत मोठे अंतर आहे. दुसऱ्या विधानातील अट गळून पडली की पहिले उरते, आणि या वादाचा मोठा भाग अशा गळालेल्या अटींभोवती फिरतो.

अंदाजांचे स्वरूप

साथीचे अंदाज गणिती प्रतिमानांच्या म्हणजेच मॉडेलच्या साहाय्याने केले जातात. यांतील सर्वांत परिचित प्रतिमान विल्यम कर्मॅक आणि अँडरसन मॅकेंड्रिक यांनी १९२७ मध्ये मांडले. त्यात लोकसंख्येचे तीन गट कल्पिले जातात : संसर्ग होऊ शकणारे, संसर्ग झालेले, आणि बरे होऊन किंवा मृत्यू पावून साखळीबाहेर पडलेले. माणसे पहिल्या गटातून दुसऱ्यात आणि दुसऱ्यातून तिसऱ्यात किती वेगाने जातात, हे समीकरणांनी दाखवले जाते. आपले प्रतिमान वास्तवाशी जुळते का हे पाहण्यासाठी या दोघांनी मुंबईतील प्लेगच्या साथीचे आकडे वापरले होते. डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ या काळात शहरात दर आठवड्याला झालेल्या मृत्यूंचा आलेख त्यांच्या मूळ निबंधात आहे. शंभर वर्षांनंतर मुंबईतील कोविडविषयी अंदाज बांधणारी प्रतिमाने याच घराण्यातील होती.

प्रतिमानात दोन आकडे निर्णायक असतात. एक बाधित व्यक्ती सरासरी किती जणांना संसर्ग देते हा पहिला, आणि बाधितांपैकी किती दगावतात हा दुसरा. साथीच्या प्रारंभी दोन्हींची माहिती तुटपुंजी असते. चाचण्या आजारी माणसांच्याच होतात, लक्षणे नसलेले बाधित मोजणीत येत नाहीत. त्यातच संसर्गाची वाढ चक्रवाढीने होत असल्याने छोटी चूक लवकर मोठी होते. रुग्णसंख्या दर तीन दिवसांनी दुप्पट होते असे धरल्यास तीस दिवसांत एका रुग्णाचे १,०२४ रुग्ण होतात. दर पाच दिवसांनी दुप्पट होते असे धरल्यास केवळ ६४. दुप्पट होण्याच्या कालावधीत दोन दिवसांचा फरक पडला, तर महिन्याअखेरचे उत्तर सोळा पटींनी बदलते.

आणखी एक अडचण या अंदाजांच्या स्वभावातच आहे. पंचांगात ग्रहण वर्तवले म्हणून ग्रहणाची वेळ बदलत नाही. साथीचा अंदाज मात्र लोकांच्या कानावर पडताच त्यांचे वागणे बदलते, सरकारे निर्बंध लावतात आणि अंदाज ज्या गृहीतकावर उभा होता ते गृहीतकच उरत नाही. त्यामुळे भयावह अंदाज खरा न ठरणे हे त्याचे अपयश की यश, हे केवळ अखेरच्या आकड्यावरून सांगता येत नाही.

इम्पीरियल कॉलेजचा नववा अहवाल

या वादाच्या केंद्रस्थानी असलेला दस्तऐवज म्हणजे लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या गटाने १६ मार्च २०२० रोजी प्रसिद्ध केलेला नववा अहवाल. नील फर्ग्युसन या गटाचे प्रमुख होते. कोणतेही निर्बंध लावले नाहीत आणि लोकांनीही आपणहून वागणे बदलले नाही, तर ग्रेट ब्रिटनमध्ये सुमारे ५ लाख १० हजार आणि अमेरिकेत सुमारे २२ लाख मृत्यू होतील, असे त्यात म्हटले होते. अशी स्थिती प्रत्यक्षात येण्याची शक्यता कमी आहे, हेही अहवालातच नमूद होते.

सरकारांच्या दृष्टीने महत्त्वाचा भाग मात्र पुढे होता. अहवालाने दोन धोरणांची तुलना केली. 'तीव्रता कमी करणे' या पहिल्या धोरणात रुग्णांचे विलगीकरण, त्यांच्या कुटुंबीयांचे घरातच अलगीकरण आणि वृद्धांनी इतरांपासून अंतर राखणे यांवर भर होता. त्यामुळे मृत्यू निम्मे होतील, तरीही ग्रेट ब्रिटनमध्ये अडीच लाख लोक दगावतील आणि अतिदक्षता विभागातील खाटा कित्येक पटींनी अपुऱ्या पडतील, असा निष्कर्ष निघाला. 'दमन' या दुसऱ्या धोरणात संपूर्ण लोकसंख्येवर निर्बंध अपेक्षित होते. ते लस येईपर्यंत, म्हणजे कदाचित अठरा महिने किंवा अधिक काळ, चालू-बंद पद्धतीने ठेवावे लागतील, हा इशाराही दिला होता. अशा निर्बंधांची सामाजिक व आर्थिक किंमत अहवालाने मोजली नव्हती. ती मोठी असेल एवढेच त्यात म्हटले होते.

ब्रिटिश सरकारचे मुख्य वैज्ञानिक सल्लागार पॅट्रिक व्हॅलन्स यांनी १३ मार्च रोजी समूह प्रतिकारशक्तीसाठी सुमारे ६० टक्के लोकांना संसर्ग व्हावा लागेल असे विधान केले होते. दहा दिवसांनी, २३ मार्च रोजी, पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनी टाळेबंदी जाहीर केली. या वळणाचे श्रेय किंवा दोष बहुतेकांनी नवव्या अहवालाला दिला. तो एकमेव आधार होता असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. इटलीतील लोंबार्दी प्रांतातील रुग्णालयांची अवस्था तोवर सर्वांनी पाहिली होती.

२५ मार्च रोजी फर्ग्युसन यांनी संसदीय समितीपुढे सांगितले, की टाळेबंदी असल्याने मृत्यू २०,००० हून कमी राहू शकतील. 'पाच लाखांचे वीस हजार झाले', तज्ज्ञाने माघार घेतली, अशा बातम्या अनेक देशांत झळकल्या. वास्तविक दोन्ही आकडे एकाच प्रतिमानातील दोन वेगळ्या परिस्थितींचे होते. पुढे वीस हजारांचा आकडाही फार लहान ठरला. टाळेबंदी लागेपर्यंत संसर्ग समजुतीपेक्षा बराच अधिक पसरलेला होता. टाळेबंदी एक आठवडा आधी लागली असती तर मृत्यू निदान निम्मे झाले असते, असे फर्ग्युसन यांनी जून २०२० मध्ये सांगितले.

टीकाकारांचा रोख अनेक गोष्टींवर होता. मूळ संगणक आज्ञावली इन्फ्लुएन्झासाठी पूर्वीच लिहिलेली, हजारो ओळींची आणि अपुऱ्या टिपणांची होती, आणि अहवालासोबत ती खुली केलेली नव्हती. ही टीका रास्त होती. एप्रिलच्या अखेरीस आज्ञावलीची सुधारित आवृत्ती खुली झाली आणि जूनमध्ये केंब्रिजच्या एका संशोधकाने स्वतंत्रपणे ती चालवून मुख्य निष्कर्ष पुन्हा मिळतात असे दाखवले. २००९ च्या स्वाइन फ्लूच्या वेळी ब्रिटनमध्ये 'वाईटात वाईट शक्यता' म्हणून ६५,००० मृत्यूंचा आकडा जाहीर झाला होता, प्रत्यक्षात ५०० हून कमी मृत्यू झाले, याचीही आठवण करून देण्यात आली. मे २०२० मध्ये फर्ग्युसन यांनी स्वतःच अंतराचा नियम मोडल्याचे उघड झाले आणि त्यांनी सल्लागार गटाचा राजीनामा दिला. या प्रकरणाचा प्रतिमानाच्या खरेखोटेपणाशी संबंध नव्हता, पण सार्वजनिक वादात त्याचा वापर भरपूर झाला.

उलट दिशेने चुकलेले अंदाज

फुगवलेल्या अंदाजांची चर्चा अधिक झाली असली, तरी कमी सांगणारे अंदाजही तितकेच होते. स्टॅनफर्ड विद्यापीठाचे जॉन इओआनिडिस यांनी १७ मार्च २०२० रोजीच्या लेखात अपुऱ्या माहितीवर मोठे निर्णय घेतले जात असल्याचा इशारा दिला. अमेरिकेतील १ टक्का लोकांना संसर्ग झाला आणि मृत्युदर ०.३ टक्के असला, तर सुमारे १०,००० मृत्यू होतील, असे गणित त्यांनी उदाहरणादाखल मांडले. माहितीच्या अभावाविषयीचा त्यांचा मुद्दा योग्य होता. मात्र लक्षात राहिला तो आकडा, आणि त्यातही अट विसरली गेली. मे २०२२ पर्यंत अमेरिकेतील नोंदलेले मृत्यू दहा लाखांवर गेले होते.

ऑक्सफर्डच्या सुनेत्रा गुप्ता यांच्या गटाने मार्च २०२० मध्ये असे दाखवले, की ब्रिटनमधील मोठ्या लोकसंख्येला आधीच संसर्ग होऊन गेल्याची शक्यता उपलब्ध मृत्यूंच्या आकड्यांशी विसंगत नाही. तसे असते तर साथ लवकरच ओसरणार होती. त्या उन्हाळ्यात झालेल्या प्रतिपिंड सर्वेक्षणात इंग्लंडमधील प्रमाण सुमारे ६ टक्के आढळले. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या आरोग्य मापन संस्थेने ८ एप्रिल रोजी अमेरिकेत ४ ऑगस्टपर्यंत सुमारे ६०,००० मृत्यू होतील असे म्हटले. तो आकडा एप्रिल संपण्यापूर्वीच ओलांडला गेला.

स्वीडन

स्वीडनने मार्च २०२० मध्ये सक्तीची टाळेबंदी लावली नाही. मोठ्या मेळाव्यांवर बंदी आली आणि उच्च माध्यमिक शाळा व विद्यापीठे दूरस्थ झाली. पण लहान मुलांच्या शाळा, दुकाने आणि उपाहारगृहे चालू राहिली. राष्ट्रीय साथरोगतज्ज्ञ अँडर्स टेगनेल हे या धोरणाचा चेहरा बनले. इम्पीरियलच्या धर्तीवर स्वीडनसाठी केलेल्या एका प्रतिमानाने दहा हजारांच्या पटीत मृत्यू वर्तवले होते. जूनअखेरपर्यंत ते सुमारे साडेपाच हजार झाले. टाळेबंदीच्या विरोधकांना हा निर्णायक पुरावा वाटला. मात्र टेगनेल यांचेही भाकीत चुकले होते. स्टॉकहोममध्ये मे महिन्यात समूह प्रतिकारशक्ती येईल असे त्यांनी सुचवले होते, आणि एप्रिलअखेरच्या नमुन्यांत तेथे केवळ ७.३ टक्के लोकांत प्रतिपिंडे आढळली. शेजारच्या नॉर्वे व फिनलंडच्या तुलनेत २०२० मध्ये स्वीडनमधील मृत्यूंचे प्रमाण कित्येक पटींनी अधिक होते, तर ब्रिटन वा स्पेनच्या तुलनेत कमी. कोणाशी तुलना करायची यावरच निष्कर्ष ठरत असल्याने स्वीडनचे उदाहरण दोन्ही पक्षांनी वापरले. स्वीडनच्या चौकशी आयोगाने फेब्रुवारी २०२२ मध्ये सल्ला व स्वेच्छा यांवर भर देण्याचा मार्ग मूलतः योग्य ठरवला, पण सुरुवातीचे उपाय फार थोडे आणि फार उशिरा झाले असेही म्हटले.

भारत

भारतात २४ मार्च २०२० रोजी रात्री आठ वाजता पंतप्रधानांनी मध्यरात्रीपासून २१ दिवसांची देशव्यापी टाळेबंदी जाहीर केली. त्या वेळी देशात सुमारे पाचशे रुग्णांची नोंद होती. त्याआधीच महाराष्ट्रासह अनेक राज्यांनी साथरोग अधिनियम, १८९७ लागू केला होता. हा कायदा मुंबई व पुण्यातील प्लेगच्या काळात झालेला असून त्यात शासनाला व्यापक अधिकार मिळतात. तज्ज्ञांचा सल्ला घेण्याची वा तो प्रसिद्ध करण्याची सक्ती त्यात नाही.

टाळेबंदी जाहीर होताच केंब्रिजच्या रणजय अधिकारी व राजेश सिंह यांनी २१ दिवस पुरेसे नसल्याचे प्रतिमानाद्वारे मांडले. संसर्गाची साखळी मोजणाऱ्या या कोणत्याही प्रतिमानात रोजंदारी, भाडे किंवा रेशन यांची पदे नव्हती. शहरांतून पायी गावी निघालेले लाखो मजूर समीकरणांच्या बाहेरचे होते. ८ मे रोजी जालन्याहून निघालेले १६ मजूर औरंगाबादजवळ करमाड येथे रेल्वेमार्गावर झोपले असताना मालगाडीखाली मृत्युमुखी पडले. कोविडमुळे किती मृत्यू टळले याचे आकडे सरकारने त्याच महिन्यात दिले. टाळेबंदीमुळे किती ओढवले याची अशी मोजणी झाली नाही.

२४ एप्रिल रोजी नीती आयोगाचे सदस्य व्ही. के. पॉल यांनी पत्रकार परिषदेत दाखवलेल्या आलेखात नव्या रुग्णांची रेषा १६ मेच्या सुमारास शून्यावर येत होती. १६ मे रोजी प्रत्यक्षात चार हजारांहून अधिक नवे रुग्ण आढळले. आपण शून्य रुग्णांचे भाकीत केले नव्हते, आलेखाचा गैरसमज झाला, असा खुलासा करून पॉल यांनी २२ मे रोजी दिलगिरी व्यक्त केली. याच्या उलट दिल्लीत घडले. ९ जून रोजी उपमुख्यमंत्री मनीष सिसोदिया यांनी ३१ जुलैपर्यंत साडेपाच लाख रुग्ण होतील आणि ८०,००० खाटा लागतील असे सांगितले. त्या तारखेला एकूण रुग्ण सुमारे १ लाख ३५ हजार होते. पण या चुकीमुळे दिल्लीत खाटा वाढवण्यात आल्या. दोन्ही अंदाज चुकले तरी दोहोंची किंमत सारखी नव्हती.

राष्ट्रीय सुपरमॉडेल समिती

विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने नेमलेल्या या समितीचे अध्यक्ष आयआयटी हैदराबादचे एम. विद्यासागर होते. आयआयटी कानपूरचे मणीन्द्र अग्रवाल हे एक सदस्य. १८ ऑक्टोबर २०२० रोजी समितीने जाहीर केले, की साथीचे शिखर सप्टेंबरमध्ये होऊन गेले आहे, सुमारे ३० टक्के लोकांत प्रतिपिंडे आहेत आणि काळजी घेतली गेल्यास फेब्रुवारी २०२१ पर्यंत साथ जवळपास संपेल. टाळेबंदी नसती तर २५ लाखांहून अधिक मृत्यू झाले असते, असाही निष्कर्ष होता. सणासुदीत सैलपणा आला तर एका महिन्यात २६ लाख रुग्ण वाढू शकतात, हा इशाराही त्याच निवेदनात होता. 'फेब्रुवारीत साथ संपणार' एवढेच मथळ्यांत आले.

प्रतिमानात न बसणारी एक गोष्ट होती, ती म्हणजे विषाणूचे बदललेले रूप. डिसेंबर-जानेवारीतील राष्ट्रीय प्रतिपिंड सर्वेक्षणात सुमारे २१ टक्के लोकांतच प्रतिपिंडे आढळली. म्हणजे बहुसंख्य लोक अद्याप असुरक्षित होते, आणि हे फेब्रुवारीच्या सुरुवातीस जाहीरही झाले. संसदेच्या स्थायी समितीने नोव्हेंबर २०२० मध्येच प्राणवायूचे उत्पादन वाढवण्याची शिफारस केली होती. ७ मार्च २०२१ रोजी केंद्रीय आरोग्यमंत्री हर्ष वर्धन यांनी देश साथीच्या अखेरच्या टप्प्यात असल्याचे विधान केले. त्या वेळी विदर्भात रुग्ण वाढत होते. अमरावतीत २२ फेब्रुवारीपासून टाळेबंदी लागली होती. एप्रिलच्या सुरुवातीस अग्रवाल यांच्या गटाने शिखर १५ ते २० एप्रिलदरम्यान येईल असे सांगितले. ते मेच्या पहिल्या आठवड्यात, दिवसाला चार लाखांहून अधिक रुग्णांसह आले. दुसऱ्या लाटेची तीव्रता आपल्याला आधी सांगता आली नाही हे समितीच्या सदस्यांनी मे महिन्यात मान्य केले.

महाराष्ट्रातील निर्णय

मुंबईत जुलै २०२० मधील सर्वेक्षणात तीन प्रभागांतील झोपडपट्ट्यांत ५७ टक्के, तर इतर वस्तीत १६ टक्के लोकांत प्रतिपिंडे आढळली. नीती आयोग, बृहन्मुंबई महानगरपालिका आणि टाटा मूलभूत संशोधन संस्था यांनी ते केले होते. एकाच शहरासाठी एकच सरासरी धरणारे प्रतिमान किती फसवे असते हे या दोन आकड्यांतून दिसले. एप्रिल २०२१ मध्ये मुंबईत दिवसाला अकरा हजारांवर रुग्ण गेले, तेव्हा इमारतींमधील रुग्णांचे प्रमाण ठळकपणे अधिक होते.

ओसरलेल्या साथीत उभारलेली व्यवस्था ठेवायची की मोडायची, हा व्यवहारातील सर्वांत कठीण प्रश्न ठरला. पुण्यात अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या मैदानावर उभारलेले भव्य कोविड केंद्र रुग्ण नसल्याने जानेवारी २०२१ मध्ये बंद झाले आणि मार्चमध्ये पुन्हा सुरू करावे लागले. नंदुरबार जिल्ह्यात मात्र जिल्हाधिकारी राजेंद्र भारूड यांनी सप्टेंबर २०२० मध्ये प्राणवायू निर्मितीचा पहिला प्रकल्प उभारला आणि रुग्ण कमी झाल्यावरही पुढील प्रकल्पांचे काम थांबवले नाही. परदेशांत आलेल्या दुसऱ्या लाटा पाहून हा निर्णय घेतल्याचे त्यांनी सांगितले होते. एप्रिल २०२१ मध्ये मोठी शहरे टँकरची वाट पाहत असताना या आदिवासीबहुल जिल्ह्यात प्राणवायू उपलब्ध होता. येथे कोणतेही भाकीत अचूक नव्हते. लाट येईलच असे कोणी सांगितले नव्हते, पण आली तर काय लागेल हे ठाऊक होते.

जून २०२१ मध्ये राज्याच्या कृतिदलाने तिसरी लाट काही आठवड्यांत येऊ शकेल असा इशारा दिला. मुलांना अधिक धोका असल्याची भीती सर्वत्र व्यक्त झाली आणि बालरोग विभागांत खाटा वाढवण्यात आल्या. तिसरी लाट डिसेंबरअखेरीस ओमायक्रॉनसह आली आणि मुलांवर वेगळा असा गंभीर परिणाम झाला नाही.

ग्रेट बॅरिंग्टन जाहीरनामा

४ ऑक्टोबर २०२० रोजी मार्टिन कुलडॉर्फ, सुनेत्रा गुप्ता आणि जय भट्टाचार्य यांनी अमेरिकेतील ग्रेट बॅरिंग्टन येथून जाहीरनामा प्रसिद्ध केला. वृद्ध व जोखमीच्या व्यक्तींचे 'केंद्रित संरक्षण' करून इतरांनी सामान्य जीवन जगावे, अशी त्याची भूमिका होती. दहा दिवसांनी 'द लॅन्सेट'मध्ये जॉन स्नो निवेदन प्रसिद्ध झाले. एकाच घरात राहणाऱ्या तरुण व वृद्धांना वेगळे ठेवणे अशक्य आहे, असा त्याचा प्रतिवाद होता. तीन पिढ्या एका खोलीत राहणाऱ्या भारतीय शहरांना हा आक्षेप अधिकच लागू पडतो. मात्र वादाची पद्धतही वादग्रस्त ठरली. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेचे तत्कालीन संचालक फ्रान्सिस कॉलिन्स यांनी जाहीरनाम्याच्या लेखकांना 'परिघावरचे' ठरवून त्यांच्या म्हणण्याचे तातडीने खंडन व्हावे असे सहकाऱ्यांना लिहिलेले पत्र २०२१ मध्ये उघड झाले. भट्टाचार्य स्वतः २०२५ मध्ये त्याच संस्थेचे संचालक झाले.

मृत्यूंच्या मोजणीचा वाद

अंदाज बरोबर की चूक हे ठरवण्यासाठी खरे मृत्यू किती हे माहीत असावे लागते, आणि भारतात तेच वादात राहिले. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२२ मध्ये २०२० व २०२१ या दोन वर्षांत भारतात सुमारे ४७ लाख अतिरिक्त मृत्यू झाल्याचा अंदाज दिला. अधिकृत नोंद सुमारे ४ लाख ८० हजारांची होती. अतिरिक्त मृत्यू म्हणजे नेहमीच्या वर्षांत अपेक्षित असतात त्यांहून अधिक झालेले सर्व मृत्यू. ते सगळे कोविडनेच झाले असे नाही. भारत सरकारने हा अंदाज फेटाळताना मुख्य आक्षेप घेतला तो गणिती प्रतिमान वापरण्यावरच. टाळेबंदीमुळे टळलेल्या मृत्यूंचे आकडे मे २०२० मध्ये सरकारने याच प्रकारच्या प्रतिमानांच्या आधारे दिले होते.

मे २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नागरी नोंदणीच्या आकडेवारीनुसार २०२० मध्ये देशात सुमारे ८१ लाख, तर २०२१ मध्ये सुमारे १ कोटी २ लाख मृत्यू नोंदले गेले. एका वर्षातील ही सुमारे २१ लाखांची वाढ आहे. मृत्यूनोंदणीचे प्रमाण वाढल्याने यातील काही वाढ झाली असावी, किती हे ठरवताना पुन्हा गृहीतके लागतात.